सातशे शहाऐंशी नंबरचा फोटो

फेब्रुवारी संपत आलेला आणि आभाळ गच्च भरलेलं. केजच्या माणसाला या दिवसांत असलं आभाळ बघवत नाही. हरभरा उपटून रानात पडलेला, ज्वारी उभी, आणि वरून गारांचं भ्या. सकाळी सहाला डॉक्टर जिनत गच्चीवर गेली, तर तिची आई हमीदा वाळत घातलेली तूर भराभर पोत्यात भरत होती.

"वर बघू नको," हमीदा म्हणाली. "बघितलं की पडतात गारा."

"आणि नाही बघितलं तर?"

"तर उद्या पडतात. पोतं धर."

जिनतनं पोत्याचं तोंड धरलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, छातीचे एक्स-रे फोटो वाचण्यात तिचा शब्द दिल्लीपर्यंत चालतो, पण घरी पोतं धरायला तीच. तूर आत गेली, चहा झाला, आणि ती स्कूटी काढून दवाखान्यात निघाली.

गावाबाहेर ट्रस्टचा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला एक खोली, खिडक्यांना जाड काळे पडदे, आत दोन मोठे पडदे उजेडाचे. दारावर पाटी : 'आत अंधार आहे. आवाज देऊन या.' ही पाटी प्रविणची. प्रविण म्हणजे तिथला टेक्निशियन, धारूरकडचा, हुशार, पण तोंडाला झाकण नाही. जिनतचं सकाळचं पहिलं काम ठरलेलं. हमीदाच्या जुन्या ओढणीचं मऊ फडकं घ्यायचं, दोन्ही पडदे पुसायचे, मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्या लावून एकेक मोजायच्या. पट्ट्या अठरा दिसल्या तर कामाला बसायचं. सतरा दिसल्या तर डोळा तरी थकलाय, नाहीतर पडदा.

त्या दिवशी अठरा दिसल्या.

काम असं होतं. खडी क्रशरवर, कापसाच्या जिनिंगमध्ये, मळणीयंत्रावर, गॅरेजात ज्यांचा जन्म धुळीत जातो त्यांच्या छातीत नेमकं काय साठतं, याचा जिनतनं तीन वर्षांपूर्वी अभ्यास सुरू केला. बाराशे माणसं. फिरती गाडी गावोगाव नेऊन फोटो काढायचे. प्रत्येक फोटो दोघांनी वाचायचा, इथे जिनतनं आणि लातूरला डॉक्टर विजयसिंहांनी, एकमेकांना न विचारता. आणि फोटोवर नाव नाही. फक्त नंबर. नावांची वही कपाटात, कुलूप लावून, किल्ली प्रविणकडे. माणूस ओळखीचा निघाला की डोळा लबाडी करतो, असं जिनतचं म्हणणं. ओळखीच्याचं दुखणं एकतर दिसत नाही, नाहीतर नसलेलं दिसतं. म्हणून गाडीत फोटो काढणारा माणूससुद्धा तिनं मुद्दाम बाहेरगावचा ठेवला होता, आणि त्याला सक्त ताकीद दिली होती : चिठ्ठी बघ, नाव विचारू नको.

या अभ्यासाचं मूळ मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते होतं बसस्थानकामागच्या गॅरेजात, तिच्या वडिलांच्या, वाहेद मिस्त्रींच्या. जिनत सहा वर्षांची असताना जॅक सटकला आणि ट्रकचा धुरा वाहेदच्या खांद्यावर आला. उजव्या बाजूचं गळ्याखालचं आडवं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वर गाठ ठेवून, वेडंवाकडं. त्या हाडाचा फोटो घरी आला, आणि त्याच आठवड्यात कुणाच्या तरी पान्यानं गॅरेजच्या खिडकीची काच फुटली. वाहेदनं फोटो खिडकीला ठोकला. झाली काच. पुढची बारा वर्षं जिनत शाळेतून आली की त्या खिडकीखाली अभ्यासाला बसायची आणि बापाच्या हाडातून संध्याकाळचा उजेड तिच्या वहीवर पडायचा.

अजूनही रविवारी ती गॅरेजात असते. कार्बोरेटर उघडून साफ करणं हा तिचा छंद. चालू इंजिनाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि आत कुठला तुकडा कुरकुरतोय ते ओळखायचं, हे तिला वाहेदनं शिकवलं. ती शिकाऊ डॉक्टरांना सांगते, फोटो वाचायचा तो असाच. घाई नाही. आधी नंबर, मग हाडं, मग काळीज, आणि फुप्फुस सगळ्यात शेवटी. कारण फुप्फुसात काही दिसलं की डोळा तिथंच अडकतो, दुसरीकडे जात नाही.

आता प्रविणच्या तोंडाची गोष्ट. महिन्यापूर्वी बाजार समितीच्या आवारात गाडी उभी होती. गॅरेजवाले, क्रशरवाले, सगळे एकाच दिवशी, त्यांत वाहेदही. टेबलावर प्रविण, नाव लिहून घ्यायचा आणि चिठ्ठी द्यायचा. संध्याकाळी चहा पिताना म्हणाला, "मॅडम, चाचांना मी मुद्दाम सातशे शहाऐंशी नंबर दिला बरं का. दोन माणसं थांबवून धरली. बरकतीचा नंबर हाय ना तुमच्यात."

जिनतनं कप खाली ठेवला. "प्रविण, हे मला सांगायचं नव्हतं."

"कावून? चांगलंच केलं की."

"बाराशेतला एक नंबर आता मला माहीत झाला."

प्रविणनं जीभ चावली. पण कानात गेलेलं बाहेर काढता येत नाही. फोटो वाचायला येताना संगणक नंबर उलटेसुलटे करून देतो. त्यामुळे सातशे शहाऐंशी आज येईल की महिन्यानं, कळायला मार्ग नव्हता. रोज सकाळी पट्ट्या मोजून झाल्या की पहिला फोटो उघडताना तिचं बोट रेंगाळायचं. वाहेद पंचेचाळीस वर्षं ब्रेक दुरुस्त करत होता. ड्रम उघडायचा, तोंड जवळ न्यायचं आणि फूऽऽ करून धूळ उडवायची. जुन्या लायनरची ती पांढुरकी धूळ उन्हाच्या पट्ट्यात तरंगताना लहानपणी तिला फार आवडायची. त्या धुळीत फुप्फुस खाणारं अ‍ॅस्बेस्टॉस असतं हे तिला पुढं शिकल्यावर कळलं. दहा वर्षं ती बापाला मास्क आणून देत होती. वाहेद मास्कमधून ऑइल गाळायचा.

त्या ढगाळ सकाळी अकरावा फोटो उघडला आणि कोपऱ्यात आकडा आला : ७८६.

आकडा दिसला तिथंच तिची सगळी शिस्त संपली. हाडं नाही, काळीज नाही, डोळे थेट फुप्फुसावर. आणि तिथं, डाव्या बाजूला वर, दोन बरगड्यांच्या मधे, बोराएवढा पांढरा ठिपका. गोल असता तर बरं वाटलं असतं. हा गोल नव्हता. कडेनं केस फुटल्यासारखा, आजूबाजूला मुळ्या पसरल्यासारखा.

असे ठिपके तिनं आयुष्यात शेकड्यांनी बघितलेले. त्यांची पुढची वाट तिला पाठ होती. सीटी, सुई, तपासणी, मग नातेवाइकांना खुर्चीत बसवणं. ती खुर्ची समोरच होती, निळ्या गादीची. त्या खुर्चीत आता हमीदा बसलेली तिला दिसली, मांडीवर तुरीचं पोतं घेऊन.

नियम साधा होता. शंका आली की लाल खूण करायची. खूण झाली की प्रविण वही उघडतो आणि माणसाला त्याच दिवशी बोलावतो. जिनतचं बोट खुणेवर गेलं आणि हललं नाही. खूण केली की खरं होईल. दोन मिनिटं ती तशीच बसली. मग खूण केली, उठली आणि पडदा बाजूला सारून बाहेर आली. बाहेरही आभाळ फोटोसारखंच, करडं.

"मॅडम, चहा सांगू?" प्रविणनं विचारलं.

"वही उघडू नको. मी जाऊन अब्बांना घेऊन येते."

प्रविणला समजलं होतं, आणि समजल्यावर तोंड मिटून बसलेला प्रविण बघून ती आणखीच घाबरली.

गॅरेजात एक काळीपिवळी जीप उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले.

"अब्बा, बाहेर या."

"कोण मेलं?" जीपखालून आवाज.

"कुणी नाही. फोटो परत काढायचाय तुमचा."

"कावून? मागला चांगला आला न्हाई? मी हसलतो की चांगला."

पाय सरकले, गुडघे आले, मग तेलकट बनियन, मग पांढरी दाढी. वाहेदनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं. घरात बापलेक दखनी बोलतात, गॅरेजात मराठी. पण या वेळी तो हळूच म्हणाला, "क्या हुआ बेटा?"

"काही नाही. मशीन नीट चाललं नव्हतं." हे खोटं बोलताना तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. "खोकला आहे का तुम्हाला?"

"खोकला कुणाला न्हाई? ह्या जीपला बी हाय."

तो हात पुसायला गेला. जिनत तिथंच उभी राहिली आणि तिची नजर खिडकीकडं गेली. फोटो अजून तिथंच होता. पिवळा पडलेला, कोपरे वाळवीनं खाल्लेले, पण ते वाकडं जुळलेलं हाड, त्यावरची गाठ, सगळं जागेवर.

मघाच्या फोटोत हे हाड होतं का?

आठवेना. हजारो फोटो डोळे मिटून सांगणाऱ्या बाईला तासाभरापूर्वीच्या फोटोतलं हाड आठवेना. कारण ते तिनं बघितलंच नव्हतं.

स्कूटीवर वाहेद मागं बसला, तिच्या खांद्यावर हात ठेवून. तो हात हलका लागत होता. पूर्वीही एवढाच हलका होता का? वजन घटलं असेल का? चुकीचा गिअर पडल्यासारखे तिनं दोनदा स्कूटीला झटके दिले, तेव्हा वाहेद मागून म्हणाला, "बेटा, राग गाडीचा हाय, का माझा?"

"चूप बसा ना अब्बा."

दवाखान्यातल्या मशीनसमोर प्रविणनं त्याला उभं केलं. काचेआडून आवाज दिला, "चाचा, श्वास घ्या. धरा." जिनतनंही धरला. प्रविण "सोडा" म्हणाला तरी तिनं सोडला नाही.

फोटो पडद्यावर आला. तिनं स्वतःला दम दिला. आधी नंबर. मग हाडं. उजवं हाड वाकडं, मधे गाठ, खिडकीतल्यासारखं तंतोतंत. मग काळीज. ठीक. आणि शेवटी फुप्फुस. जरा धुरकट, पंचेचाळीस वर्षांची धूळ कुठं जाणार. पण डाव्या बाजूला वर काही नाही. ठिपका नाही.

तिनं सातशे शहाऐंशी शेजारी लावला. त्यातलं उजवं हाड सरळ होतं. बांबूसारखं सरळ.

टेबलावर डोकं टेकून ती रडली की हसली ते प्रविणला अंधारात कळलं नाही. "चाचांचा न्हाई हा, न्हाई ना?" तो दोनदा म्हणाला. तिनं मान हलवली. छातीवरचा धोंडा उतरला होता. मिनिटभर, फार तर दोन मिनिटं, ती जगातली सगळ्यात सुखी बाई होती.

मग तो ठिपका परत तिच्याकडं बघायला लागला. फोटो होता म्हणजे माणूस होता. महिनाभर तो ठिपका छातीत घेऊन तो कुठंतरी हिंडत होता.

ती बाहेर आली. वाहेद शर्टाची बटणं लावत होता.

"अब्बा, त्या दिवशी बाजार समितीत तुमचा नंबर काय होता?"

वाहेदची बोटं बटणावर थांबली. "प्रविणनं दिलता की. सातशे शहाऐंशी."

"आणि गाडीत कुठली चिठ्ठी दिली?"

तो चोरी पकडल्यासारखा हसला. "रागवू नको. रांगेत माझ्यामागं एक क्रशरवाला होता. रामकिसन नाव. थरथर कापायला लागला बघ. म्हणे, मिस्त्री, ही मशीन आतून माणूस जाळतीय, मी चाललो घरी. उठलाच. मी हात धरून बसवला. म्हटलं, हे घे, ही चिठ्ठी घे माझी. लई बरकतीचा नंबर हाय, ह्या नंबरच्या माणसाला काय होत न्हाई. त्याची मी घेतली. तवा कुठं गेला बिचारा आत." त्यानं पोरीकडं बघितलं आणि हसू विझलं. "कावून विचारती?"

प्रविणनं तोवर कपाट उघडून वही काढली होती. सातशे एक्याण्णव : रामकिसन, खडी क्रशर. त्यापुढं लाल नव्हे, हिरवी खूण. सहा दिवसांपूर्वीची. सातशे एक्याण्णव तिनंच वाचला होता आणि शेवटी लिहिलं होतं : 'उजवीकडे जुना मोड, जुळलेला. किंचित धुरकट, बाकी छाती स्वच्छ.' ज्या हाडाच्या उजेडात ती शिकली, ते डोळ्यांसमोरून गेलं आणि तिनं ओळखलं नाही. नियमाला धरून तेच बरोबर होतं. आणि नियमाला धरूनच रामकिसनला घरपोच कागद गेला होता, छाती साफ असल्याचा.

"मी नावं लिहून घेतली, पण गाडीतल्यानं नुसत्या चिठ्ठ्या बघितल्या," प्रविण पुटपुटला. "माझीच चूक हाय मॅडम."

"त्याला नाव विचारू नको म्हणून मी सांगितलं होतं," जिनत म्हणाली. "तुझी नाही."

तिनं वहीतला फोन लावला. एका बाईनं उचलला. ती रामकिसनची बायको, बायनाबाई. "ते क्रशरवर गेलेत की. दवाखान्यातून का? तुमचा कागद आलाय बाई. छाती साफ हाय म्हून लिवलंय. तवापासून खोकल्याची बाटलीच घेत न्हाईत, म्हणतेत आता कशाला. कागद देव्हाऱ्यात ठेवलाय त्यांनी."

जिनतनं तळहातानं फोन झाकला. समोर वाहेद. तो सगळं ऐकत होता. भिंतीला धरून तो बाकड्यावर बसला.

"म्हंजे मी दिलं त्याला," तो म्हणाला. "माझ्या हातानं दिलं बेटा."

"अब्बा, चिठ्ठीनं दुखणं जात नाही कुणाकडं. त्याच्या छातीत ते आधीपासून होतं."

"मी म्हटलतो, काय होत न्हाई."

तिनं किती समजावलं तरी त्याची मान हलत राहिली. शेवटी तो उठला. "फोन ठेव. फोनवर असलं सांगायचं नसतं. त्या जीपचे ब्रेक झालेत, ट्रायल घ्यायचीच हाय. मी आणतो त्याला."

दुपारी दोनला जीप दवाखान्याच्या आवारात शिरली. वाहेदशेजारून एक पन्नाशीचा माणूस उतरला. भुवया खडीच्या भुकटीनं पांढऱ्या झालेल्या, खिशात घडी केलेला कागद. वाटेत घरी थांबून त्यानं तो बरोबर घेतला होता.

फोटो पुन्हा काढला. या वेळी प्रविणनं नावही विचारलं, नंबरही विचारला आणि तोंडाकडंही बघितलं. ठिपका तिथंच होता. महिन्यात किंचित वाढल्यासारखा वाटला. वाटला की वाढला, ते मोजून ठरवायचं म्हणून तिनं मोजला. वाढला होता.

निळ्या गादीच्या खुर्चीत रामकिसन अवघडून बसला. जिनत पुढं आली. "रामकिसनभाऊ, आमच्याकडून चूक झाली. तुम्हाला गेलेला कागद दुसऱ्याच्या फोटोचा होता. तुमच्या छातीत एक गाठीसारखं दिसतंय. ते नेमकं काय आहे, आज सांगता येत नाही. उद्या लातूरला सीटी करावं लागेल."

रामकिसननं खिशातला कागद काढला. उलगडला, बघितला, परत त्याच घड्यांवर मिटला. "मंग ह्याचं काय करू?"

"माझ्याकडं द्या."

"राहू द्या," तो म्हणाला. "बायनाला काय सांगू मी? तिनं त्याला हळदकुंकू लावलंय."

बाहेर पत्र्यावर टपटप वाजलं आणि चौघांनीही वर बघितलं. गारा की पाणी, कळेना. मग रामकिसनच वाहेदकडं वळला. डोळ्यांत भ्या तसंच, पण ओठाचा एक कोपरा वाकडा झाला.

"मिस्त्री, तुमचा नंबर घ्या की वापस."

वाहेद गुरकावला. "दिलेला नंबर घेत न्हाई बे मी वापस. उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन दारात येतो. बायनाबाईला बी घे. आणि त्या खोकल्याची बाटली आण संगं, डॉक्टरला दाखवायला."

"सीटीची मशीन बी जाळती का ओ?"

"मी उभा राहतो बाहेर. ओरड, मी आत येतो."

जीप गेली. टपटप थांबली होती. गारा नव्हत्या, मोठे थेंब होते. जिनतनं विजयसिंहांना झालेलं सगळं लिहिलं, स्वतःच्या नियमासकट, आणि उद्यासाठी त्यांच्या ओळखीनं वेळ मागून घेतली. बाजार समितीत त्या दिवशी अठ्ठेचाळीस माणसं होती. रांगेत बसलेली, गप्पा मारत, एकमेकांना पुढं सोडत. कुणाला एसटी गाठायची, कुणाला म्हातारं माणूस पुढं घालायचं. किती चिठ्ठ्या हातातून हातात गेल्या असतील? आणखी किती देव्हाऱ्यांत चुकीचे कागद असतील?

"अठ्ठेचाळीसही जणांना परत बोलवायचं," ती प्रविणला म्हणाली. "आजपासून."

"सगळ्यांना? मॅडम, लोक शिव्या देतील."

"देऊ दे. फोन तू लाव, बोलते मी."

प्रविणनं वही उघडली. पहिलं नाव वाचलं, नंबर दाबला आणि घंटी वाजेपर्यंत जिनतनं ओढणीचं फडकं उचललं आणि सकाळी पुसलेला पडदा परत पुसायला घेतला.